हँडब्रेकचा दोष दांड्यात शोधू नये

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा हँडब्रेक धरेनासा झाला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: केबल आवळायची. नटाचे चार-दोन आटे फिरवले की दांडा घट्ट लागतो, गाडी जागच्या जागी थांबते आणि काम झाले असे वाटते. काही आठवड्यांनी दांडा पुन्हा वरपर्यंत येतो आणि गाडी पुन्हा सरकते. मग केबल आणखी आवळली जाते. आटे संपले की नवी केबल येते, आणि तीही फार दिवस टिकत नाही. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते या सवयीच्या विरुद्ध आहे. दांडा किती वर येतो हे दुखण्याचे लक्षण आहे. दुखणे बहुतेक वेळा साखळीच्या दुसऱ्या टोकाला, गाडीच्या पोटाखाली असते. म्हणून दुरुस्ती ड्रमपासून सुरू करून दांड्यापर्यंत यायला हवे आणि केबलला सगळ्यात शेवटी हात लावायला हवा. क्रम उलटा केला तर दोष नुसता झाकला जात नाही, पुढचा दोष आपल्याच हातांनी तयार होतो.

हे पटण्यासाठी आधी रचना समजून घ्यावी लागते, कारण या गाड्यांचा हँडब्रेक साध्या मोटारीसारखा नसतो. साध्या मोटारीत हँडब्रेकची केबल मागच्या दोन चाकांपर्यंत जाते आणि तिथल्या ब्रेक शूंना फाकवते. 1941 पासून महायुद्धासाठी बनलेली विलिस जीप, त्याच घराण्यातली आणि महिंद्राने भारतात वर्षानुवर्षे बनवलेली सीजे-थ्री-बी, आणि 1948 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेली लँड रोव्हर या गाड्यांत मात्र हँडब्रेकचा चाकांशी थेट संबंध नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिच्यातून मागच्या ॲक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे निघतो तिथेच एक ड्रम बसवलेला असतो. हँडब्रेक ओढला की तो ड्रम अडतो, त्याबरोबर शाफ्ट अडतो आणि शाफ्टमार्फत चाके अडतात. लँड रोव्हरने ही पद्धत इतकी धरून ठेवली की 2016 च्या जानेवारीत सोलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या शेवटच्या जुन्या डिफेंडरमध्येही ती होती. इतर पुष्कळ फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा हँडब्रेक मात्र मागच्या चाकांवरच असतो. त्यामुळे गाडीखाली वाकून ब्रेक नेमका कुठे आहे हे पाहणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरते.

ड्रम मध्येच बसवण्यामागे भक्कम हिशेब आहे. दोन टन वजनाची गाडी 20 टक्के उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणाऱ्या रस्त्यावर उभी आहे असे समजू. तिला खाली खेचणारी ओढ सुमारे 3,800 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 390 किलो वजनाइतकी भरते. चाकाची त्रिज्या 39 सेंटिमीटर धरली तर गाडी थोपवायला चाकांवर एकूण 1,500 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. चाकांवरच्या ब्रेकला हा सगळा भार स्वतः पेलावा लागतो. प्रॉपेलर शाफ्ट आणि चाके यांच्यामध्ये मात्र डिफरन्शिअलचे दाते आहेत. डिफेंडरमध्ये त्यांचे प्रमाण 3.54 ला 1 असे आहे, म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट साडेतीनहून थोडा जास्त वेळा फिरतो. त्यामुळे शाफ्टवर तीच गाडी थोपवायला सुमारे 425 न्यूटन-मीटर पुरतात. सीजे-थ्री-बी जीपचे प्रमाण 5.38 ला 1 आहे, म्हणून तिथे फायदा आणखी मोठा. माणसाच्या हाताचा जोर मर्यादित असतो. मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेक-नियमावलीत, नियम 13-एचमध्ये, हाताने 400 न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता हँडब्रेकने गाडी 20 टक्के उतारावर धरली पाहिजे अशी अपेक्षा आहे. एवढ्याशा जोरावर जड गाडी धरायची तर दात्यांची मदत घेणे शहाणपणाचेच आहे.

या जागेचा दुसरा फायदा शेतीच्या कामातला आहे. लँड रोव्हर आणि जीप या दोन्ही गाड्या पंप, मळणीयंत्र किंवा विंच चालवता यावी अशा विचाराने विकल्या गेल्या. तसे काम करताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवतात, म्हणजे इंजिन चालू राहते पण चाकांकडे शक्ती जात नाही. अशा वेळी मुख्य गिअरबॉक्समध्ये कोणताही गिअर टाकलेला असला तरी गाडी मोकळीच असते. ड्रम ट्रान्सफर केसच्या पुढच्या टप्प्यावर, चाकांच्या बाजूला असल्यामुळे हँडब्रेक मात्र तेव्हाही गाडी धरतो. ही रचना जुनाट आहे, तिच्यातच खोट आहे, असे कितीतरी जण म्हणतात. हिशेब तसे सांगत नाही. रचना नीट आहे, पण तिच्या काही अटी आहेत. त्या पाळल्या गेल्या नाहीत की ती त्रास देते.

पहिली अट वेगाची आहे. दात्यांमुळे जोर कमी लागतो, पण त्याच दात्यांमुळे ड्रम चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. डिफेंडर ताशी 60 किलोमीटरने चालली असताना चाक मिनिटाला सुमारे 400 फेरे घेते आणि हा ड्रम 1,400 हून अधिक. शू ड्रमला जरासे घासत राहिले तरी उष्णता लगेच वाढते. दुसरी अट तेलाची. ड्रमच्या अगदी पाठीला ट्रान्सफर केसचे मागचे ऑइल सील आहे आणि त्या सीलपलीकडे गिअर ऑइल. चाकांवरच्या ब्रेकजवळही तेल-ग्रीस असते, पण इथे भरलेली पेटी आणि ब्रेकचे लायनर यांच्यामध्ये रबराची एक कडाच काय ती उभी असते. तिसरी अट जागेची. हा ब्रेक गाडीच्या पोटाखाली, दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असतो. ओढा ओलांडताना, चिखलणीच्या दिवसांत बांधावरून जाताना पाणी आणि बारीक चिखल तिथे पोचतो. तो आत वाळला की ॲडजस्टरचे आटे गंजतात आणि शूंना फाकवणारी यंत्रणा जाम होते.

या तीन अटी एकत्र ठेवून पाहिल्या की केबल आवळण्याचा उपाय घातक का ठरतो ते उलगडते. समजा शू झिजल्यामुळे ड्रम आणि लायनर यांच्यातले अंतर वाढले आहे. केबल आखूड केली की शूंना फाकवणारा खालचा छोटा दांडा आरामाच्या स्थितीतही अर्धवट ओढलेला राहतो. त्याच्या प्रवासाचा काही भाग वायाच जातो, आणि केबलशी होणारा कोन बिघडल्यामुळे ओढीचा जोर शूंपर्यंत नीट पोचत नाही. शू पूर्ण मागे येत नाहीत, म्हणून गाडी चालताना ते ड्रमला हलके घासत राहतात. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांनी होणाऱ्या या घासण्याने ड्रम तापतो, लायनरवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि शेजारच्या सीलचे रबर कडक होते. कडक झालेले सील तेल सोडते, तेल लायनरवर येते आणि हँडब्रेक आधीपेक्षाही कमी धरतो. मग केबल पुन्हा आवळली जाते. म्हणून एका साध्या झिजेपासून सुरू झालेले प्रकरण वर्षभरात नवे सील, नवे लायनर आणि कधी नवा ड्रम इथपर्यंत जाते. लँड रोव्हरच्या कार्यशाळा-पुस्तिकेत यासंबंधी सूचना आहे. केबलचे समायोजन सुरुवातीच्या जुळवणीसाठी आणि केबल ताणली गेल्यास करायचे, शूंची झीज भरून काढायला ते वापरायचे नाही. झीज ड्रमवरच्या ॲडजस्टरनेच भरून काढायची.

तेलाचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो, आणि त्याचे कारण ड्रम ब्रेकच्या स्वभावातच आहे. ड्रम ज्या दिशेने फिरू पाहतो त्या दिशेचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी घट्ट बसतो. हाताच्या जोराला मिळणारी ही फुकटची मदत घर्षणावर अवलंबून असते. घर्षण निम्मे झाले तर हाताचा थेट परिणाम निम्मा होतोच, शिवाय मदतीचा वाटाही घटतो. म्हणजे धरण्याची ताकद निम्म्याहूनही खाली जाते. म्हणून तेलाने भिजलेला लायनर दिसायला जाड आणि शाबूत असला तरी निकामी समजायला हवा. पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून तो तेवढ्यापुरता कोरडा दिसतो. पण लायनर सच्छिद्र असतो. आत मुरलेले तेल उष्णतेबरोबर पुन्हा वर येते. तो बदलणे हाच खरा उपाय, आणि तोही सील बदलल्यानंतर.

मग दोष नेमका कुठे आहे हे ओळखायचे कसे? सपाट जागेवर, चारही चाकांना पुढून-मागून पक्के अडसर लावून, एकाने आत बसून दांडा ओढावा आणि दुसऱ्याने बाजूने खाली पाहावे. दांडा हलतो पण ड्रमजवळचा छोटा दांडा जेमतेम हलतो, असे दिसले तर दोष वाटेत आहे. केबलचे वेष्टण खचले असेल, तारा तुटल्या असतील, किंवा जुन्या सिरीज लँड रोव्हरमध्ये सळ्यांच्या सांध्यांतल्या पिना झिजल्या असतील. छोटा दांडा पूर्ण फिरतो पण ड्रम अडत नाही, तर दोष ड्रमच्या आत आहे: झीज, तेल किंवा जाम झालेला ॲडजस्टर. ड्रम पक्का अडतो, तरी उतारावर गाडी हलते, तर ब्रेक निर्दोष आहे आणि पाहायचे ते ड्रमच्या पुढे. शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शिअलचे दाते आणि हाफ-शाफ्टच्या खाचा यांत थोडाफार प्ले असतोच, आणि जुन्या गाडीत तो साठत जातो. पायाचा ब्रेक सोडल्यावर तो प्ले भरेपर्यंत गाडी काही सेंटिमीटर हलते आणि मग धक्का देऊन थांबते. याला ब्रेक निसटला असे समजून केबल आवळण्यात काही अर्थ नसतो. हलून थांबणे आणि सरकतच राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिफरन्शिअलचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा, कारण त्यात जिवाला धोका आहे. ड्रमने शाफ्ट अडतो, पण डिफरन्शिअल मागच्या दोन चाकांना परस्परांच्या उलट दिशेने फिरू देते. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते हवेत मोकळे फिरते, जमिनीवरचे दुसरे चाक घरंगळते आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरू शकते. एक चाक ओल्या गवतावर किंवा चिखलात असेल तरी हीच अडचण थोड्या प्रमाणात येते. म्हणून चाक उचलण्यापूर्वी जीपमध्ये फोर-व्हील लावावे, सतत चारही चाकांवर चालणाऱ्या डिफेंडरमध्ये मधले डिफरन्शिअल लॉक करावे, आणि दोन्ही प्रकारांत जमिनीवरच्या चाकांना अडसर द्यावेतच. मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढला असेल तर मागच्या चाकांपुरता हँडब्रेक नाहीच, हेही विसरू नये.

दोष ड्रमच्या आत निघाला तर कामाचा क्रम असा ठेवावा. आधी केबल पूर्ण सैल करायची, म्हणजे शू आपल्या मूळ जागी परततील. मग शाफ्ट आणि ड्रम काढायचा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून आतली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. तोंडावर मास्क बांधून ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. आत तेल दिसले तर ते का आले हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. सील झिजलेले असू शकते. सील ज्या फ्लँजवर घासते तिथे खाच पडलेली असू शकते, आणि तशी असेल तर नवे सीलही गळणार. केसमधला बेअरिंग ढिला असेल तर शाफ्ट डुलतो आणि कोणतेही सील टिकत नाही. ट्रान्सफर केसमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरले असेल, किंवा तिचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि चांगले सीलही तेल सोडते. ब्रीदर साफ करायला काहीच खर्च येत नाही, तरीही सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. तेलाची वाट बंद झाल्यावर नवे शू आणि नव्या स्प्रिंगा बसवाव्यात. ॲडजस्टर आणि फाकवणारी यंत्रणा सुटी करून, गंज काढून, लायनरला लागणार नाही इतपत ग्रीस देऊन ती मोकळी हलते याची खात्री करावी. ड्रम चढवल्यावर दांडा काही वेळा जोरात ओढून शू मध्यावर बसवावेत. केबल सैल असतानाच ॲडजस्टर ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत आवळावा आणि ड्रम मोकळा फिरेपर्यंत मागे घ्यावा. एवढे झाल्यावर मग केबलची पाळी येते. दांड्याच्या पहिल्या एक-दोन खाचांत ब्रेक लागू नये आणि साधारण तिसऱ्या खाचेपर्यंत पूर्ण लागावा, इतकीच ती आवळायची. दांडा सोडल्यावर ड्रम मोकळा फिरतो की नाही हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

या क्रमावर पहिला आक्षेप असा येतो की केबल खरोखरच ताणली जाते, मग ती आवळण्यात गैर काय? ताणली जाते, हे खरे. पण नवी पोलादी केबल सुरुवातीच्या वापरात थोडीशी बसते आणि मग बराच काळ स्थिर राहते. वर्षानुवर्षे ठीक चाललेला दांडा हळूहळू वर येऊ लागला तर झीज लायनरची असण्याची शक्यता कितीतरी अधिक. आणि एखाद्या केबलची लांबी दर महिन्याला वाढत असेल, तर तिच्या तारा तुटत आहेत असा त्याचा अर्थ होतो. तशी केबल आवळणे म्हणजे ती नेमकी उतारावर तुटेल याची तयारी करणे. ताणल्याचा संशय असला तरी ड्रमची बाजू आधी ठीक केल्यावरच तो खरा की खोटा हे कळते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: गाडी गिअरमध्ये उभी करावी, चाकामागे दगड ठेवावा, हँडब्रेक हवाच कशाला? गिअर आणि दगड ही दोन्ही चांगली सवय आहे आणि ती सोडू नये. पण गिअरमध्ये गाडी धरते ती इंजिनच्या कॉम्प्रेशनवर, आणि जुन्या इंजिनचे कॉम्प्रेशन हळूहळू गळते. त्याहून मोठी अडचण ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलची. तो दुसरा दांडा चुकून मध्यावर राहिला, किंवा मुलाचा हात लागून मध्यावर आला, तर मुख्य गिअर टाकलेला असूनही गाडी मोकळी होते. दगडाबाबत एवढेच म्हणता येईल की तो ठेवायला चालकाला खाली उतरावे लागते आणि तेवढा वेळ गाडी कशाने तरी थांबलेली हवी. हे तिन्ही उपाय एकमेकांच्या जोडीला आहेत. एकाच्या भरवशावर दुसरा मोडका ठेवणे धोक्याचे आहे.

तिसरा आक्षेप समाधानाचा आहे. घाटात गाडी थांबते, म्हणजे हँडब्रेक पुरेसा आहे, असे म्हटले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापदंडांनुसार डोंगराळ भागातल्या रस्त्यांचा चढ अपवादात्मक जागीही 7-8 टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असतो. 8 टक्के उतारावर दोन टनी गाडीची ओढ सुमारे 1,560 न्यूटन असते, म्हणजे 20 टक्के उतारावरच्या ओढीच्या निम्म्याहून कमी. बांधलेल्या घाटात धरणारा ब्रेक धरणाच्या उतरणीवर, शेताच्या वाटेवर किंवा सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या रस्त्यावर धरेलच असे नाही, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली जाते ती अशाच वाटांसाठी. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या तपासणीत हँडब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या किमान 16 टक्के भरावा लागतो, आणि पायाच्या ब्रेकचे सर्किट एकेरी असलेल्या जुन्या गाड्यांत 25 टक्के. एकेरी सर्किटात एक नळी फुटली की पायाचा ब्रेक पूर्ण जातो आणि हँडब्रेक हाच शेवटचा आधार उरतो, म्हणून तिथे मर्यादा चढी ठेवली आहे. जुन्या जीपला हाच तर्क लागू आहे. दुरुस्तीनंतरची परीक्षाही गाडीचे तोंड चढाकडे आणि मग उताराकडे करून, दोन्हींकडे घ्यावी. दिशा बदलली की आपोआप घट्ट होणारा शू बदलतो, आणि एकच शू चांगला असेल तर ते तेव्हाच कळते.

चौथा आक्षेप बदलाचा आहे: ड्रम काढून त्याच जागी डिस्कचा हँडब्रेक बसवावा. असे संच मिळतात आणि त्यांचा एक फायदा निर्विवाद आहे. सगळे उघडे दिसते, म्हणून तपासणी सोपी होते आणि आत चिखल साठत नाही. पण डिस्क त्याच सीलच्या शेजारी बसते, त्याच शाफ्टला धरते आणि त्याच डिफरन्शिअलवर अवलंबून असते. सील गळत असेल तर तेल पॅडवर येणार. दात्यांत प्ले असेल तर गाडी तशीच हलणार. शिवाय ड्रममधल्या शूला मिळणारी आपोआप घट्ट होण्याची मदत डिस्कला मिळत नाही. मूळ कारण दूर करून मग कोणी डिस्क बसवली तर तो विचारपूर्वक केलेला बदल ठरेल. कारण न शोधता बसवली तर जास्त खर्चाची केबल-आवळणीच ती.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केबल आवळायला पाच मिनिटे लागतात, ड्रम उघडायला अर्धा दिवस. पण वर सांगितलेली तीन टप्प्यांची तपासणी दहा मिनिटांची आहे, तिला एकही भाग खोलावा लागत नाही, आणि अर्धा दिवस खर्चायची गरज आहे की नाही हे तीच सांगते. तिच्यात फक्त झीज निघाली, तेलाचा मागमूस नाही, तर केबल सैल करून ड्रमचा ॲडजस्टर फिरवणे एवढेच काम उरते आणि तेही ड्रम न उघडता होते. खर्च वाढतो तो ही तपासणी टाळल्यामुळे. जुनी गाडी सांभाळणाऱ्याने आपल्या मेकॅनिकला म्हणूनच केबल आवळायला सांगू नये. ड्रमच्या पाठीची प्लेट तेलकट आहे का आणि दांडा सोडल्यावर ड्रम मोकळा फिरतो का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि त्यांची उत्तरे गाडीखाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत.